"टेक!" म्हटलं की हातोडे खाली

संपादकांचं पत्र आलं. 'संगीत क्षेत्रातील आपले अनुभव लिहून पाठवा,' असं त्यात होतं. मी ते दोनदा वाचलं आणि एकटीच हसले. क्षेत्र म्हणजे आमच्याकडं सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं ते. संगीताचं एक गुंठाही क्षेत्र माझ्या नावावर नाही. मी बेंजो वाजवायची. लग्नात, जावळात, जयंतीत, जत्रेत, बोलावतील तिथं. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही दोन शाळांत मिळून. तेव्हा लिहिता लिहिता माझं बोलणंच कागदावर आलं, तर तेवढं चालवून घ्या.

आधी बेंजो म्हणजे काय ते सांगते. हातभर लांब लाकडी पेटी असते. तिच्यावर तारा ताणलेल्या आणि तारांवर टाईपरायटरला असतात तसली बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. छेडायला नखी लागते, ती मी फुटक्या फणीतून कापून घ्यायची. नुसती पेटी ऐकली तर माशी गुणगुणल्यासारखी वाटते. पण तिला आवाज पकडणारा पिकअप लावला, वायर ॲम्प्लिफायरला जोडली आणि भोंगा उंच बांधला की तीच माशी तीन गावांना जागं करते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आमची सगळी पार्टी उभी राहायची, बॅटरीवर सगळं चालायचं, आणि पुढं लोक नाचायचे. शहरातली पोरं आता गिटार घेऊन जे करतात ना, तेच आम्ही येरमाळ्याच्या आसपास धुळीत उभं राहून करत होतो. फक्त आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं.

पार्टी आमच्या मालकांची. मालक म्हणजे माझा नवरा, भानुदास. ते ड्रम वाजवायचे. बेंजोवाला पुण्याला कंपनीत लागला आणि त्याची पेटी आमच्या घरात भिंतीला टेकून पडली. मी भाकरी झाल्या की दार लोटून घ्यायची आणि एकेक बटण दाबून बघायची. रेडिओवर लागलेलं गाणं बटणांवर शोधायचं, सापडलं की चुलीवरचं दूध उतू गेलेलं असायचं. असं करत करत सहा महिन्यांत हात बसला. मालकांनी एकदा बाहेरून ऐकलं, त्यांना वाटलं रेडिओच आहे. आत आले तर मी. म्हणाले, "आता वाजवणारा शोधायची गरज न्हाय." एवढंच. आमच्यात कौतुक असंच करतात.

पण बाई बेंजो वाजवते हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. ईट गावाकडच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचा बाप आडवा आला. "वरातीच्या म्होरं बाईमाणूस वाजवणार? आमची शोभा करता काय?" मालक म्हणाले, "दुसरं कुणी वाजवणारं न्हाय. ठेवायचं तर ठेवा." शेवटी तोडगा असा निघाला, की ट्रॉलीत मधोमध चादर बांधायची. चादरीआड मी बसून वाजवायचं. पुढं मालकांनी तारा नसलेला एक मोडका बेंजो घेऊन नुसती बोटं नाचवायची. ड्रम त्या दिवशी माझ्या दिराकडं दिला.

वरात निघाली. लोक खूष. एक म्हातारा तर मालकांच्या बोटांवरून नजर हलवीना. वेशीजवळ कुणीतरी मालकांना पान दिलं. ह्यांनी बेंजो बाजूला ठेवला, पान उलगडलं, चुना बघितला, निवांत तोंडात घातलं. आणि बेंजो आपला वाजतोयच! म्हातारा ओरडला, "आरं ह्यो गडी हात न लावता वाजवतोय!" वरात जागच्या जागी थांबली. नवऱ्या मुलाची आई पुढं आली, तिनं चादर वर केली, घामानं निथळत असलेल्या मला बघितलं आणि आपल्या नवऱ्याकडं वळून म्हणाली, "काढा ते कापड. गुदमरून मरंल की ती." त्या दिवसापासून चादर गेली.

असे किस्से पुष्कळ आहेत, सांगत बसले तर अंक मलाच लागेल. मला खरं सांगायचंय ते एका कॅसेटचं. आणि कॅसेटचं सांगायचं तर आधी सगुणामावशीचं सांगायला लागतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते. विहिरी उघड्या पडल्या, रानात करायला काही उरलं नाही, तेव्हा रस्त्याच्या कामावर गेलो. आसपासच्या गावांतल्या बायकांना खडी फोडायला बसवलं. काळा दगड. सायकलच्या ट्यूबचं वेटोळं करून त्यात दगड धरायचा, म्हणजे फुटला तरी उडत नाही. आणि मारायचं. पहिल्या दिवशी माझ्या हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. तिसऱ्या दिवशी शेजारी बसलेली बाई म्हणाली, "पोरी, तू दगडावर राग काढतीस. राग काढू नकोस, ताल धर."

ती सगुणामावशी. आमच्याच वस्तीतली. चाळिशीची असेल तेव्हा, बारीक, काळी, उंच. हातोडा उचलताना ती गायची आणि आमचे सगळ्यांचे हातोडे तिच्या गाण्यावर पडायचे. गाणं ठरलेलं नसायचं. टँकर आला नाही, कामावर खायला वाटलेल्या सुकडीत खडे निघाले, मुकादमाच्या धोतराला ठिगळ आहे, जे त्या दिवशी घडलं ते ती गायची. आमचं वर्तमानपत्रच ते. शब्द रोज नवे, चाल मात्र तीच. आणि हात भरून आले, श्वास लागला, की चालीच्या शेवटी ती एक हाक द्यायची: "टेऽऽक!"

टेक म्हणजे खाली ठेव. दम घे. हातोडे एकदम खाली. सगळ्या बायकांचा श्वास एकदम सुटायचा, हुश्श. मुकादम कितीही ओरडला तरी मावशीनं टेक म्हटल्यावर कुणी हातोडा उचलत नव्हतं, आणि मावशीनं पुन्हा सूर धरल्याशिवाय कुणी बसून राहत नव्हतं. त्या वर्षी आम्हाला दुसरं काही मिळालं नाही, पण तेवढी विश्रांती मिळाली, ती तिच्या हाकेनं मिळाली.

दुष्काळ सरला. खडीच्या त्याच बायका दगडाच्या खाणीवर जायला लागल्या आणि पुढं त्यांनी मजूर सहकारी सोसायटी काढली. खडीचं काम स्वतःच घ्यायला लागल्या. चेअरमन सगुणामावशी. सोसायटीला पत्र्याची एक खोली होती, त्याच खोलीत आमच्या पार्टीचा सराव चालायचा. म्हणून लोक आम्हाला चिडवायचे, 'खडी पार्टी आली.' आम्हीही तेच नाव ट्रॉलीवर रंगवून टाकलं.

मी सरावाला बसले की मावशीची चाल बेंजोवर काढायचा प्रयत्न करायची. निघायची नाही. रेडिओवरची कसलीही चाल निघायची, हीच निघत नव्हती. पुष्कळ दिवसांनी कारण कळलं. टेकच्या आधी तिचा जो सूर लागायचा, तो माझ्या दोन बटणांच्या मधे होता. हे बटण दाबलं तर थोडा खाली, ते दाबलं तर थोडा वर. मधे बटणच नाही. तो सूर फक्त त्या बाईच्या गळ्यात होता.

आणि त्याच बाईला मी एकदा गप्प केलं.

जयंतीचा कार्यक्रम होता. आमचा ॲम्प्लिफायर नवा, माझ्या डोक्यात वारं गेलेलं. समोरची तरुण पोरं सिनेमाच्या चाली मागत होती. मधेच मावशी उठून माइकपाशी आली आणि तिनं सूर लावला. मोकळ्या माळावर गाणारा आवाज तो. माइकनं शिटी मारली, भोंगा किंचाळला, लोक कानावर हात ठेवून हसले. मी भर लोकांत म्हटलं, "मावशी, तुमचा आवाज माइकात बसत न्हाय. तुमी बसा खाली."

ती म्हणाली, "बरं." आणि जाऊन बसली. त्यानंतर जिथं बेंजो असेल तिथं ती कधी गायली नाही.

पुढं दहा-अकरा वर्षांनी तिला खोकला लागला. धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि फुफ्फुसात दगडाची धूळ बसलीय म्हणून सांगितलं. आवाज माइकात बसत नाही म्हणाले होते मी. धूळ मात्र बसली. मावशीनं हातोडा सोडला. खाणीवर यायची, झाडाखाली बसायची, पण चार ओळींपुढं गाणं जात नव्हतं. बाकीच्या बायका तिची चाल ओढून-ताणून म्हणायच्या, पण तो मधला सूर कुणालाच लागत नव्हता. तेव्हा माझ्या मनानं घेतलं, की ही बाई जायच्या आधी तो सूर कुठंतरी धरून ठेवायला पाहिजे. बेंजोत मावत नाही, तर फितीत.

तोवर कॅसेटी बाजारात आल्या होत्या. मी तुळजापूरला एका कॅसेटवाल्याकडं गेले. त्याला सांगितलं, आम्हाला आमची कॅसेट काढायचीय. हातोडे, दगड, बेंजो, ड्रम आणि एका बाईचं गाणं. तो म्हणाला, "देवीची गाणी करा बाई, हातोहात खपतील. दगड कोण ऐकणार? दगड फोडत्यात लोकं, ऐकत न्हाईत." मी म्हटलं, "आमी तर रोज ऐकतो." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हात जोडून सोलापूरच्या एका रेकॉर्डिंगवाल्याचा पत्ता दिला, बला टळावी म्हणून. सोसायटीच्या बायकांनी बाकीची तजवीज केली.

राहिली मावशी. मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "मावशी, त्या जयंतीला माझं चुकलं."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चुकलं कसलं गं. माइक ल्हान हुता." मग जरा खोकली आणि म्हणाली, "येते. यस्टीत खिडकीपाशी जागा दे मला."

सोलापूरच्या गाडीत आम्ही आठ माणसं चढलो. सगुणामावशी, हातोडेवाल्या पाच बायका, मालक आणि मी. सोबत दगडांनी भरलेली दोन पोती. कंडक्टर म्हणाला, "ह्यात काय?" कौसल्या म्हणाली, "दगड." कौसल्या म्हणजे आमच्यातली तोंडाळ. "दगड सोलापूरला कशाला?" "गाणं म्हनायला." कंडक्टरनं पुढं काही विचारलं नाही, पण सोलापूर येईपर्यंत वळून वळून पोत्यांकडं बघत होता.

स्टुडिओ म्हणजे काचेचा महाल असेल असं मला वाटलेलं. ते सुताचं गोदाम निघालं. गोदामाचे धनी गुरुनाथअण्णा, घरचे माग चालवणारे, पण जीव सगळा रेकॉर्डिंगच्या मशिनात. गोदामाच्या चारी भिंतींना छतापर्यंत सुताची बंडलं रचलेली. अण्णा म्हणाले, सूत आवाज पिऊन टाकतं. दार लावलं आणि खरंच, बाहेरचं सोलापूर पुसल्यासारखं नाहीसं झालं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आमच्याकडं रात्रीसुद्धा कुठंतरी काहीतरी वाजत असतं. इथं मला माझ्याच मानेतली शीर ऐकू येत होती. शेजारी त्यांचे माग होते, ते फक्त सुटीच्या दिवशी बंद असायचे, म्हणून तो एकच दिवस आम्हाला मिळाला होता. संध्याकाळच्या गाडीनं परत निघायचं होतं. मावशीला दुसऱ्या खेपेला आणणं होणार नव्हतं, हे तिला बघितल्या बघितल्या कुणालाही कळलं असतं.

अण्णा हातोडे बघून म्हणाले, "गाणं म्हणायला आलाय का भांडायला आलाय की ओ?" पोती बघून त्यांनी डोक्याला हात लावला. पण माणूस हौशी. माइक छताच्या हुकाला टांगला, दगडाखाली वाकळ घातली, मग वाकळ काढून पत्र्याचं घमेलं ठेवून बघितलं. माझ्या कानाला त्यांनी हेडफोन लावला. पलीकडं कौसल्येनं नुसती बांगडी मागं सारली, ती माझ्या डोक्याच्या आत वाजली. मी दचकून उभी राहिले. कुणीतरी पदर सावरला, तो ऐकू आला. मावशीचा श्वास ऐकू आला, आत जाताना खरवडत जाणारा. इतकी वर्षं मी आवाजाच्या धंद्यात होते आणि मला वाटायचं मोठा आवाज म्हणजे आवाज. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की बारीक आवाजांचं अख्खं गाव असतं आणि मी भोंगा लावून त्यावरून ट्रॉली नेत होते.

सगळं मांडून झालं. बायकांनी दगड धरून हातोडे उचलले. अण्णा पलीकडं मशीनपाशी बसले, बोट वर केलं आणि ओरडले, "सायलेन्स! टेक!"

पाचही हातोडे खाली. हुश्श. कौसल्येनं पदरानं तोंड पुसलं, एकीनं पाण्याचा तांब्या उचलला.

अण्णा बाहेर आले. "काय झालं ओ? का थांबलाय?"

"तुमीच म्हनला की टेक."

"टेक म्हणजे सुरू करायचं!"

"टेक म्हनल्यावर सुरू कसं करायचं वो अण्णा? टेक म्हंजे टेक."

अण्णांनी समजावलं, रेकॉर्डिंगमधे टेक म्हणजे चालू. बायकांनी माना डोलावल्या. पुन्हा मांडणी. "सायलेन्स! टेक!" पुन्हा पाचही हातोडे खाली. मालकांनी तर ड्रमच्या काठ्याही ठेवल्या. कौसल्या म्हणाली, "डोक्याला कळतंय अण्णा, हाताला कळत न्हाय." अण्णा कानडीत बराच वेळ देवाशी बोलले. शेवटी मावशीच म्हणाली, "तुमच्यात 'चला'ला काय म्हनत्यात?" अण्णा म्हणाले, "नडी." "मग नडी म्हना. टेक म्हनू नका. तो आमचा शबुद हाय."

मग नडीवर काम सुरू झालं. दुपारपर्यंत आम्ही काय काय केलं ते आता सांगताना मलाच नवल वाटतं. ओला दगड वेगळा वाजतो का, कोरडा वेगळा का, हे अण्णांनी विचारलं आणि आम्ही करून दाखवलं. मी बेंजोच्या तारा सैल सोडल्या, त्या गाईसारख्या हंबरायला लागल्या. ते त्यांनी धरलं. मालकांनी ड्रमवर दगडाची मूठभर कच टाकली आणि ड्रम हळूहळू हलवला, पाऊस पडतोय असं वाटलं. मग हातोड्यांची फीत ऐकवताना अण्णांच्या हातून रीळ उलटं लागलं. आवाज पाठीमागून पुढं यायला लागला. आधी बारीक कच सळसळली, मग ती एका जागी गोळा होत गेली, आणि शेवटी 'ठक्' होऊन सगळं बंद झालं. अण्णा चुकलं चुकलं म्हणत उठले. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." तिनं मान पुढं काढून पुन्हा ऐकलं. "ह्यो दगड जुडतोय गं," ती म्हणाली. आम्ही साऱ्या जन्मभर फोडत आलेल्या बायका, आणि समोरच्या मशीनमधून फुटलेला दगड एकेक करून जुळून येत होता.

तो उलटा दगड आम्ही कॅसेटच्या सुरुवातीला ठेवला.

दुपार उलटली आणि मावशीची पाळी आली. अण्णांनी तिच्यासाठी माइक खाली घेतला. नडी म्हणाले. हातोडे पडायला लागले, मावशीनं सूर धरला, दोन ओळी गेल्या आणि तिसरीला खोकला आला. थांबलो. पाणी दिलं. परत नडी. परत दोन ओळी, परत खोकला. तिसऱ्या वेळी तर पहिलीच ओळ तुटली. अण्णांनी माझ्याकडं बघून दोन बोटं जवळ आणली. फीत एवढीच उरलीय. घड्याळही पुढं चाललं होतं.

मी मावशीपुढं जाऊन बसले. म्हटलं, "नुसती चाल म्हना मावशी. शब्द ऱ्हाऊ द्या. नुसती चाल."

ती माझ्याकडं बघून हसली. "सुमे, गाणं आता माझ्याकडं न्हाय. आत धुळीनं जागा धरलीया, गाणं कुठं मावंल? पर एक शबुद हाय. तेवढा बसंल का तुझ्या माइकात?"

मी माइक तिच्या आणखी जवळ ओढला. अण्णाच म्हणाले, "बसेल की, मावशी. न बसायला काय झालं?"

मग ठरलं असं. हातोडे चालू ठेवायचे, मी बेंजोवर तिची चाल धरायची, आणि मावशीला वाटेल तेव्हा ती म्हणेल. अण्णा नडी म्हणाले. ठक्, ठक्, ठक्. मी चाल काढत गेले. तो मधला सूर आला तेव्हा मी बटणं सोडली आणि तार नुसत्या अंगठ्यानं दाबून सरकवली. तार अंगठा कापत गेली, पण सूर जवळजवळ तिथं आला. मावशी डोळे मिटून बसलेली. मी बघत होते, ती श्वास साठवत होती. थोडा घ्यायची, थांबायची, खोकला दाबायची, आणखी थोडा घ्यायची. जसं कोरड्या विहिरीतून झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरतात तसं. बायकांचे हात भरून आले होते. तीन मिनिटं झाली असतील, चार झाली असतील. खाणीवर इतका वेळ मावशीनं कधी थांबवून ठेवलं नव्हतं. कौसल्येच्या कपाळावरचा घाम दगडावर पडत होता. अण्णांनी रिळाकडं बोट दाखवलं, संपत आलीय. मी वाजवत राहिले. माझ्या अंगठ्याला रक्त आलं होतं.

आणि मावशीनं हाक दिली.

"टेऽऽऽक!"

कसा होता तो आवाज, ते मला सांगता येत नाही. बहात्तर सालचा होता. माळावरचा होता. त्यात एकही खरखर नव्हती. आणि त्या एका शब्दात तो सूर होता, दोन बटणांच्या मधला, अचूक, जिथं माझा अंगठा पोचता पोचत नव्हता. पाचही हातोडे खाली आले. पाच बायकांचा श्वास एकदम सुटला. आणि त्या शांततेत फितीचं टोक सुटून रिळावर फटफट करत फिरायला लागलं.

अण्णांनी मशीन बंद केलं नाही. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग कानडीत एवढंच म्हणाले, "साकु." पुरे.

त्यांनी फीत परत ऐकवली तेव्हा मावशीच्या हातात चहाची कपबशी होती. हातोडे ऐकताना ती मानेनं ताल देत होती. हाक आली आणि तिनं कपबशी खाली ठेवून दिली, स्वतःचीच हाक ऐकून. मग आमच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "कोन हाय गं ही बाई? येळेवर सांगितलं बघा." आम्ही हसलो, ती हसली, हसताना तिला परत खोकला आला.

कॅसेटचं नाव आम्ही 'टेक' ठेवलं. ती खपली असं मी म्हणणार नाही. तुळजापूरच्या दुकानदारानं माझ्या समाधानासाठी काही ठेवून घेतल्या. त्यातल्या बऱ्याच परत आल्या, फितीत बिघाड आहे म्हणून. एक ट्रकवाला तर भांडायलाच आला होता म्हणे. "घाटात इंजिनातनं ठकठक यायला लागली म्हनून गाडी थांबिवली, बोनेट उघडलं, अर्धा तास शोधलं. मग कळलं तुझी कॅसेट वाजतीय!" दुकानदारानं विचारलं, मग बंद का नाही केलीस? ट्रकवाला म्हणाला, "कळल्यावर शेवटपर्यंत ऐकली." कॅसेट मात्र त्यानं परत केली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली. तिचं गाणं गेलं ते गेलंच. टँकरचं, सुकडीचं, मुकादमाच्या धोतराचं, त्यातली एक ओळ कुठं राहिली नाही. मी त्या जयंतीला तिला खाली बसवलं नसतं, तर दहा वर्षं ती आमच्या पत्र्याच्या खोलीत गायली असती आणि कुणी ना कुणी काहीतरी धरून ठेवलं असतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

मावशी जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी येरमाळ्याला हमरस्त्यावर गाडीची वाट बघत उभी होते, खांद्यावर बेंजोची पेटी. शेजारी सात-आठ बायका, बाजाराची बोचकी घेऊन. कुठल्या गावच्या ते मला माहीत नव्हतं, पण हात बघून कळलं, ह्या खडीवर बसलेल्या बायका आहेत. मागच्या चहाच्या हॉटेलात कुणीतरी कॅसेट लावली. उलटा दगड जुळला. मग हातोडे सुरू झाले. मी मागं न बघता उभी राहिले, हॉटेलवाला आता काय शिव्या देतोय म्हणून. तेवढ्यात गाडी आली. गर्दी झाली. बायकांनी एकमेकींना हात देऊन बोचकी डोक्यावर चढवली आणि दाराकडं निघाल्या. पहिलीनं पायरीवर पाय ठेवला.

"टेऽऽऽक!"

बोचकी खाली. सगळी, एकदम. हुश्श. दोघी तर बुडं टेकून रस्त्याच्या कडेला बसल्यासुद्धा.

कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "चला की मावश्या! गाडी थांबायची न्हाय!"

पायरीवरची बाई हॉटेलाकडं बघत होती. ओळखीचं माणूस दिसावं तसं तिचं तोंड झालं होतं. कंडक्टरला म्हणाली, "थांब रं जरा. टेक म्हनली न्हवं ती."

कंडक्टरला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं घंटी वाजवली नाही. गाडी थांबून राहिली. आणि मी खाली बघितलं, तर माझी पेटी माझ्या पायाशी जमिनीवर होती. मी ती कधी खाली ठेवली, मला आठवत नाही.